पहिल्या ऐकण्यावर लाखांचा व्यवहार नको

सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तयार झालेला ट्रान्सफॉर्मर चाचणीचा अहवाल सोबत असल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही. किती भाराला किती तापतो, किती दाब सोसतो, वीज किती वाया घालवतो, हे आकड्यांत मांडून त्याखाली कोणीतरी जबाबदारीने सही केलेली असते. नाशिकमधल्या कितीतरी घरांची चूल अशा मोजमापाच्या कामावर पेटते. त्याच शहरातला जाणता, कमावता माणूस घरात निवांत गाणे ऐकावे म्हणून दोन-चार लाखांचा अँप्लिफायर घ्यायला निघतो, तेव्हा मात्र सगळा निर्णय शोरूममधल्या वीस-पंचवीस मिनिटांच्या ऐकण्यावर सोपवतो. नवे मॉडेल बाजारात आले की परीक्षणांचा सूरही तोच असतो. पहिल्याच बैठकीत जाणवलेला मोकळेपणा, पडदा बाजूला झाल्यासारखा आवाज, खर्जावरची पकड. माझे म्हणणे सरळ आहे. महागड्या अँप्लिफायरबद्दल होणारे पहिले मत त्या यंत्राबद्दल फारच थोडे सांगते. ते बहुतांशी आवाजाच्या पातळीतून, किमतीतून आणि त्या खोलीतून तयार झालेले असते. त्या मतावर मोठी रक्कम लावू नये, आणि दुकानदाराकडे व परीक्षकाकडे वेगळ्या तऱ्हेच्या पुराव्याची मागणी करावी.

या सगळ्यात जास्त गोंधळ घालते ती आवाजाची पातळी. एकच बंदिश दोन अँप्लिफायरवर लागोपाठ वाजवली आणि त्यातला एक अगदी किंचित, म्हणजे अर्ध्या डेसिबलहूनही कमी फरकाने, मोठा वाजत असला, तर ऐकणाऱ्याला तो मोठा वाटतच नाही. तो अधिक स्पष्ट, अधिक भरदार, अधिक जिवंत वाटतो. पातळीतला फरक मनात गुणवत्तेचा फरक म्हणून नोंदला जातो. यामागे कानाची रचना आहे. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले, की आपला कान सगळ्या पट्ट्यांतल्या स्वरांना सारखी दाद देत नाही आणि आवाज वाढवला की खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा वेगाने वर येतात. म्हणजे व्हॉल्युम जरासा चढला तरी डग्ग्याची गाज आणि तंबोऱ्याचा खर्ज प्रमाणाबाहेर भरून येतात, आणि श्रोता म्हणतो, याचा बास काय सुंदर आहे! दोन अँप्लिफायरची बटणे एकाच खुणेवर आणून ठेवली म्हणजे पातळी जुळली असे मुळीच नाही, कारण प्रत्येक यंत्राची आवाज वाढवण्याची क्षमता निराळी असते. म्हणून जिथे तुलना गंभीरपणे केली जाते तिथे ही पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवतात, आणि तीही स्पीकरच्या टर्मिनलला मीटर लावून. शोरूममध्ये हे होताना क्वचितच दिसते. त्यातच एक अँप्लिफायर काढून दुसरा जोडायला चार-पाच मिनिटे जातात, आणि आवाजाच्या पोताची नेमकी आठवण कानात काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. पाच मिनिटांनी आपण तुलना करतो ती ऐकलेल्या आवाजाशी नसून त्याबद्दल स्वतःच्या मनात बनवलेल्या वर्णनाशी.

दुसरा घटक म्हणजे किंमत. हे समजायला नाशिककराला लांब जावे लागत नाही. सुला १९९९ मध्ये सुरू झाल्यानंतर या जिल्ह्यात वाइनचा जो व्यवसाय वाढला, त्याबरोबर चाखण्याची एक शिस्तही इथे आली. बाटली झाकून, लेबल न दाखवता चाखायला देणे ही त्या शिस्तीतली ओळखीची पद्धत आहे. तिची गरज का पडते याचा स्वच्छ पुरावा हिल्के प्लासमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. वीस जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीने वाइन पाजली गेली. पाच वेगवेगळ्या किमतींच्या पाच वाइन आहेत असे त्यांना सांगितले होते. प्रत्यक्षात त्या तीनच होत्या. तीच वाइन पाच डॉलरची म्हणून दिली तेव्हा बेताची वाटली आणि पंचेचाळीस डॉलरची म्हणून दिली तेव्हा छान लागली. या अभ्यासात महत्त्वाचे हे, की लोक नुसते तोंडदेखले कौतुक करत नव्हते. मेंदूतल्या, सुखाचा अनुभव नोंदवणाऱ्या भागातली हालचालही किमतीबरोबर वाढत होती. म्हणजे महाग वाइन खरोखरच अधिक आवडते, आणि ती आवड वाइनमधून आलेली नसते. जाड ॲल्युमिनियमचा पुढचा पत्रा, तीस-चाळीस किलो वजन, निळसर प्रकाशात हलणारे काटे आणि लाखांत छापलेली किंमत समोर असताना कान त्यातून सुटेल असे मानायला काहीच आधार नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हर्मन कंपनीत स्पीकरवर हेच तपासले. ऐकणारे बहुतेक त्याच कंपनीतले, अनुभवी लोक होते. स्पीकर दिसत असताना त्यांनी दिलेले गुण आणि पडद्याआड असताना दिलेले गुण वेगळे निघाले. मोठा आणि देखणा स्पीकर डोळ्यांसमोर असला की त्याला गुण चढत होते. अनुभवाने कान तयार होतो, पण डोळ्यांचा प्रभाव अनुभवाने पुसला जात नाही.

मग खास अँप्लिफायरच पडद्याआड ठेवून ऐकवले तर काय होते? हे प्रयोग जुने आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात. इंग्लंडमधले ध्वनी-अभियंते जेम्स मॉयर यांनी १९७८ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकातून एक चाचणी मांडली. क्वाड कंपनीच्या तीन पिढ्यांचे अँप्लिफायर त्यांनी घेतले: १९५०च्या दशकातला व्हॉल्व्हचा क्वाड टू, १९६०च्या दशकातला ट्रान्झिस्टरचा ३०३ आणि १९७०च्या दशकातला ४०५. पातळी जुळवली, नावे झाकली, आणि ऐकणाऱ्यांना ते खात्रीने वेगळे ओळखता आले नाहीत. चाचणी कंपनीच्याच पुढाकाराने झाली होती हे खरे, पण आपले नवे यंत्र जुन्याहून सरस वाजते असे सिद्ध होण्यातच खरे तर कंपनीचा फायदा होता. पुढे जानेवारी १९८७ मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकाने इयन मास्टर्स यांच्याकडून याहून मोठा प्रयोग करवून घेतला. सव्वादोनशे डॉलरच्या आसपासच्या पायोनियर रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरच्या जोडीपर्यंत निरनिराळी यंत्रे त्यात होती. पंचवीस श्रोत्यांपैकी काहींचा महागड्या यंत्रांवर विश्वास होता, काहींचा नव्हता. एकूण निकाल नाणे उडवून उत्तर दिल्यासारखाच आला. विश्वास असणाऱ्यांचे कान या कसोटीत बाकीच्यांपेक्षा सरस ठरले नाहीत.

यात चमत्कार नाही. आलेल्या विद्युत संकेताची हुबेहूब पण ताकदवान प्रत काढणे, एवढेच अँप्लिफायरचे काम. ते माणसाच्या कानाला चूक सापडणार नाही इतक्या अचूकपणे करण्याचे तंत्र काही दशकांपूर्वीच हाती आले. नव्या पिढीत बदलले आहे ते आकारमान, वीज आणि किंमत. आकाराने लहान आणि कमी वीज खाणाऱ्या क्लास डी पद्धतीच्या यंत्रांना पूर्वी दोष दिला जाई आणि तो बराचसा खराही होता. स्पीकर बदलला की त्यांचा वरच्या पट्टीतला स्वभाव बदलत असे. फिलिप्समध्ये काम करताना ब्रुनो पुत्झेस यांनी त्यावर उपाय शोधला. त्यांच्या पुढच्या रचना हायपेक्सने २०११च्या सुमारास आणि प्युरिफायने २०१९ मध्ये बाजारात आणल्या. आज अनेक महागड्या, नामांकित पेट्यांच्या पोटात हीच मॉड्यूल बसलेली असतात. दुसरीकडे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका चिपवर बेतलेले, तळहातावर मावणारे अँप्लिफायर काही हजार रुपयांत मिळतात, आणि मध्यम आवाजाला त्यांचे डिस्टॉर्शनही ०.०१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. ०.०१ टक्के म्हणजे मूळ संगीताच्या ८० डेसिबल खाली. घरात ८५ डेसिबलने, म्हणजे चांगल्या मोठ्या आवाजात, गाणे लावले तर हा दोष ५ डेसिबलवर असेल. तीनवर फिरणारा छताचा पंखा, स्वयंपाकघरातला फ्रीज आणि खिडकीतून येणारी गंगापूर रोडची वाहतूक धरली तर शांत म्हणवणाऱ्या दिवाणखान्यातही ३५ ते ४० डेसिबल गोंगाट असतोच. त्या गोंगाटाखाली तीस डेसिबल गाडला गेलेला दोष आणखी शंभरपट कमी करायचे पैसे कोणी मोजत असेल, तर तो फरक त्याला निदान ऐकू येणार नाही.

वॅटच्या आकड्यांचेही तसेच. एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज देणारा स्पीकर हा अगदी सर्वसाधारण. अशी जोडी नेहमीच्या दिवाणखान्यात अडीच मीटरवरून ऐकली तर ७५ डेसिबलच्या सुखद आवाजाला अर्धा वॅटही लागत नाही. समेवरचा तबल्याचा जोरकस ठोका किंवा तारसप्तकातली झेप यांसाठी वर वीस डेसिबलची मोकळीक ठेवली, तरी वीस-तीस वॅटमध्ये काम होते. ताकद दुप्पट केल्याने आवाज तीनच डेसिबलने वाढतो. शंभर वॅटच्या जागी दोनशे वॅट घेतल्याने मिळते ती वाढ एवढीच. त्यातून, भिंतीला भिंत लागून असलेल्या इमारतीत तो आवाज शेजाऱ्याकडेही जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे, आणि विसर्जनाच्या मिरवणुकांनी मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज ही समजूत आपल्याकडे आधीच पुरेशी रुजवली आहे. नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' लिहून हजारो वॅटचे आकडे छापले जात, ते पुष्कळांना आठवत असतील. त्या आकड्यांना कसलीच ठरलेली मोजपद्धत नव्हती. अमेरिकेत या फसव्या आकड्यांवर १९७४ मध्येच नियम आला. २०२४ मध्ये तो आणखी कडक झाला: ८ ओहमच्या भाराला, २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, एक टक्क्याहून कमी डिस्टॉर्शनसह मिळणारी ताकदच जाहिरातीत आधी सांगावी लागते. आपल्याकडच्या ग्राहकाने दुकानात निदान हाच आकडा मागावा.

खरा फरक जिथे पडतो ती जागा म्हणजे खोली, आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोलले जाते. हार्वर्डमधले तरुण प्राध्यापक वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून तीन वर्षे विद्यापीठातल्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात रात्री-रात्री गाद्या आणून मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि घड्याळ लावून आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरतात. ते नाशिकमधल्या एखाद्या नव्या फ्लॅटला लावून पाहावे. साडेचार मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद, २.९ मीटर उंच हॉल. काँक्रीटचा स्लॅब, गुळगुळीत प्लास्टर, व्हिट्रिफाइड टाइल्स, सरकत्या काचा. असा मोकळा हॉल आवाज विरायला सुमारे पावणेदोन ते दोन सेकंद घेतो. एवढ्या लहान जागेत हा वेळ फारच झाला. द्रुत लयीतली तानेची दाणेदार फिरत त्यात विरघळून जाते. कापडी सोफा, जाड पडदे, एक सतरंजी, पुस्तकांचे कपाट आणि चार माणसे यांनी त्यात आठेक चौरस मीटरचे शोषण वाढवले, की तोच वेळ साधारण ०.६ सेकंदावर येतो. यात लाखांचा खर्च नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये, लाकडी पाटईखाली, मातीच्या गिलाव्याच्या भिंतींत आणि बसायला घातलेल्या जाजमावर बैठक का रंगत असे, याचे थोडे उत्तर या सूत्रात आहे. खालच्या पट्टीत तर खोलीची हुकूमत आणखी मोठी. साडेचार मीटर लांबीची खोली ३८ आणि ७६ हर्ट्झच्या आसपासचे आवाज फुगवते. साडेतीन मीटरची बाजू ४९ आणि ९८ला तेच करते. डग्ग्याचा गुंजारव नेमका याच शेजारात राहतो. सोफा दोन फूट पुढे-मागे केल्याने त्यात दहा डेसिबलचाही फरक पडू शकतो. दोन चांगल्या अँप्लिफायरमधला फरक याच्या शतांशानेही भरत नाही. आणि महागडा अँप्लिफायर ऐकायचा तर नाशिककराला बहुधा मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. तिथली खोली खास ऐकण्यासाठी सजवलेली, स्पीकर त्याच्या घरातल्यापेक्षा वेगळे. तिथे होणारे पहिले मत हे दुसऱ्याच्या खोलीचे मत असते. घरी आणल्यावर तो आवाज कुठे गेला म्हणून मग आणखी महागडी केबल शोधली जाते.

आपण काय ऐकतो याचाही विचार करावा. गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर ऊर्फ बापूराव यांचा जन्म १९२१ मध्ये नाशिकचा. त्यांचे वडील पंडित विष्णु दिगंबर यांनी उत्तरायुष्यात इथे रामनामाचा आश्रय घेतला होता. 'बापूरावां'ची पहिली ध्वनिमुद्रिका १९४४ची, आणि १९५५च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ मध्ये. म्हणजे हा माणूस आपल्याला फक्त मोनोमध्येच भेटतो, आणि त्यातले बरेच साडेतीन मिनिटांच्या ७८च्या तबकड्यांवर. अशा तबकडीवर सहा-सात हजार हर्ट्झच्या वर फारसे काही नसते, आणि आवाज व खरखर यांच्यातले अंतर चाळीस डेसिबलच्या आसपास असते. १२० डेसिबल स्वच्छतेची हमी देणारा अँप्लिफायर या मुद्रणातून आणखी काही काढू शकत नाही. अशा मुद्रणाची स्वच्छता वाढते ती मूळ तबकडी नीट धुऊन, योग्य जाडीची सुई लावून, योग्य वेगाने आणि काळजीपूर्वक डिजिटल प्रत काढल्याने. मराठी रसिकाच्या संग्रहातला मोठा भाग, बालगंधर्वांची पदे, जुने अभंग, आकाशवाणीवरची ध्वनिमुद्रणे, हा अशाच मर्यादांत मुद्रित झालेला आहे. पाच लाखांच्या यंत्रावर कुठल्यातरी ॲपवरची तिसऱ्यांदा दाबून लहान केलेली प्रत वाजवली जाते, हे मला मनापासून खटकते. अर्धा लाख चांगल्या प्रतींवर आणि त्या जपण्यावर खर्च झाला, तर त्या संगीताचे अधिक भले होईल.

या म्हणण्यावर काही आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की काही अँप्लिफायर खरोखर वेगळे वाजतात, विशेषतः व्हॉल्व्हचे. हे मान्य. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३०च्या दशकात चित्रपटगृहांसाठी बनवलेल्या ३००बी या व्हॉल्व्हवर आजही हौशी मंडळी आठ-दहा वॅटचे अँप्लिफायर बांधतात. त्यांचा अंतर्गत अवरोध दोन-तीन ओहमचा असतो. स्पीकरचा अवरोध प्रत्येक स्वराला बदलत असल्याने अशा यंत्रातून आवाजाचा आलेखच अडीच-तीन डेसिबलने वरखाली होतो, आणि तो फरक कोणालाही ऐकू येईल. पण तो मोजताही येतो, त्याचे कारण सांगता येते आणि त्याचा किमतीशी संबंध नसतो. बॉब कार्व्हर यांनी १९८५ मध्ये 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या परीक्षकांसमोर आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर अँप्लिफायरमध्ये बदल करून एका फार महाग यंत्राचा आवाज इतका हुबेहूब आणला, की परीक्षकांना दोघांत फरक करता येईना. ज्याला व्हॉल्व्हचा तो गोडवा आवडतो त्याने तो खुशाल घ्यावा. आवडीला पुराव्याची गरज नसते. एवढेच, की त्या गोडव्याला मूळ ध्वनिमुद्रणाशी अधिक प्रामाणिक म्हणू नये. याच धर्तीवर, दोन ओहमपर्यंत खाली जाणाऱ्या अवघड स्पीकरला भरपूर करंट देणारा भक्कम अँप्लिफायर लागतो, हेही खरे. आणि ज्या नव्या यंत्रांत खोलीची दुरुस्ती करणारी प्रणाली आहे, उदाहरणार्थ लिंगडॉर्फची स्वतःची किंवा एनएडीच्या काही मॉडेलांतली डिरॅक, त्यांचा पहिल्याच बैठकीत जाणवणारा फरक खरा असू शकतो. ती यंत्रे मायक्रोफोनने तुमच्याच खोलीचे माप घेऊन आवाज सावरतात. माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांतली खरी प्रगती ती आहे, आणि तिची पारख शोरूममध्ये होऊच शकत नाही. घरीच व्हावी लागते.

दुसरा आक्षेप झाकून घेतलेल्या चाचणीवरच आहे. म्हणतात, परीक्षेच्या दडपणाखाली, दोन-दोन मिनिटांचे तुकडे ऐकून सूक्ष्म फरक कळत नाहीत; ते महिनाभर सोबत राहून उमगतात. यातला महिनाभर सोबत राहण्याचा मुद्दा मला पटतो, आणि तो पहिल्या ऐकण्यावरच्या मतांच्या विरोधातच जातो. शिवाय झाकून ऐकणे घाईनेच केले पाहिजे असा काही नियम नाही. घरच्या कोणीतरी दोनपैकी एक अँप्लिफायर जोडून कापडाने झाकावा, आठवड्याने नाणे उडवून बदलावा किंवा तोच ठेवावा, आणि ऐकणाऱ्याने निवांतपणे रोज नोंद करावी. दोन महिन्यांत उत्तर मिळते. दडपणाचा मुद्दाही टिकत नाही, कारण त्याच झाकल्या परिस्थितीत, त्याच दडपणाखाली, लोकांना पातळीतला फार थोडा फरक आणि स्पीकरमधला फरक मात्र सापडतो.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि म्हणून अधिक आदराने घ्यायला हवा. संगीत म्हणजे आकडे नव्हेत. रसिकाचा कान श्रुतीचा बारकावा पकडतो, त्याला मीटरची साक्ष काय सांगता? माझा विश्वास त्या कानावर पूर्ण आहे. कोमल ऋषभ किती उतरला हे ओळखणाऱ्या श्रोत्याला कुठल्याही यंत्राची गरज नाही. मागणी इतकीच, की निवाडा त्या कानालाच करू द्यावा आणि त्या वेळी किमतीची चिठ्ठी, कंपनीचे नाव आणि विक्रेत्याचे बोलणे यांना दूर ठेवावे. झाकली चाचणी कानाचा अपमान करते असे म्हणणे मला उलटे वाटते. ती ऐकणाऱ्याला एकट्या कानावर उभे करते. राहिला सौंदर्याचा प्रश्न. उत्तम कारागिरीची, देखणी, पंचवीस वर्षे चालणारी आणि दुरुस्त होऊ शकणारी वस्तू घरात असावी असे वाटणे यात गैर काही नाही. कोणी त्यासाठी तीन लाख दिले तर तो त्याचा आनंद आहे. दुरुस्तीची सोय, सुटे भाग, जवळ असलेले सर्व्हिस सेंटर हे तर पैसे जास्त मोजण्याचे सबळ कारण आहे. आवाज सुधारेल या आश्वासनावर तेच पैसे घेतले जातात, तिथे माझी हरकत आहे.

नाशिकच्या वास्तवातून येणारा एक आक्षेप राहतो: विजेचा. दाब कमीजास्त होतो, पावसाळ्यात वीज जाते-येते, तेव्हा महागडा, दणकट वीजपुरवठा असलेला अँप्लिफायर घेणेच शहाणपणाचे, असे सांगितले जाते. पण अशा तक्रारींत प्रत्यक्ष ऐकू येणारा दोष बहुतेक वेळा एकच असतो, स्पीकरमधून येणारी सतत घुं घुं, आणि त्याचे मूळ पुष्कळदा घरातल्या अर्थिंगमध्ये किंवा सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून येणाऱ्या दुसऱ्या अर्थमध्ये सापडते. चांगला वायरमन ते अर्ध्या दिवसात सरळ करतो. दाबासाठी स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टर आहेत. क्लास ए पद्धतीचे भारी यंत्र तर इथे उन्हाळ्यात ओझेच होते. तीस वॅटचा असा अँप्लिफायर गाणे बंद असतानाही दीड-दोनशे वॅट वीज खाऊन खोली तापवत राहतो, आणि मग एसीचा आवाज गाण्यात मिसळतो.

मग दुकानदारांनी काय करावे, हे सांगणे अवघड नाही. डेमोच्या खोलीत एक साधा स्विच बॉक्स ठेवावा, ज्याने दोन अँप्लिफायर एकाच स्पीकरच्या जोडीवर क्षणात बदलता येतील. १,००० हर्ट्झचा सूर वाजवून, मीटरने दोघांची पातळी जुळवून द्यावी. ग्राहकाला आपल्या आवडीचे मुद्रण आणू द्यावे, आणि कोणता अँप्लिफायर चालू आहे हे त्याला हवे असल्यास न सांगता ऐकवावे. मोठ्या रकमेच्या यंत्राला दोन-तीन आठवडे घरी वापरून परत करण्याची मुभा द्यावी. अशाने महागडी यंत्रे विकली जाणार नाहीत ही भीती दुकानदारांना वाटेल. काही यंत्रे खरेच विकली जाणार नाहीत. त्याऐवजी चांगले स्पीकर, गालिचे, ध्वनिशोषक पटल आणि खोली सुधारण्याचा सल्ला विकला जाईल, आणि तो ग्राहक समाधानी राहून पुन्हा त्याच दुकानात येईल. परीक्षकांनी पातळी जुळवली होती का आणि नाव झाकले होते का, या दोन प्रश्नांची उत्तरे परीक्षणाच्या पहिल्याच परिच्छेदात द्यावीत. ती नसतील तर बाकीचे विशेषणांचे पान वाचकाने उलटून टाकावे.

दुकानांची वाट न पाहता हे काम शहरातली संगीतप्रेमी मंडळीही करू शकतात. १८४० पासून वाचकांना एकत्र आणणारे सार्वजनिक वाचनालय इथे आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, रोज मापन करणारे तंत्रज्ञ आहेत, आणि गाणे जाणणारे गुरू व त्यांचे विद्यार्थी आहेत. एका सभागृहात एक संध्याकाळ, एक स्पीकरची जोडी, पडद्यामागे पंधरा हजारांचा एक आणि पाच लाखांचा एक अँप्लिफायर, एक मल्टिमीटर, आणि प्रत्येक श्रोत्याच्या हातात वीस रकाने छापलेला कागद. प्रत्येक फेरीआधी नाणे उडवायचे. वीसपैकी पंधरा किंवा त्याहून जास्त वेळा बरोबर ओळखणारे किती निघतात ते मोजायचे, कारण नुसत्या अंदाजाने तितके गुण शंभरातल्या दोघांनाच मिळतात. तसे श्रोते मोठ्या संख्येने निघाले तर माझे वरचे सगळे म्हणणे मागे घ्यायला मी तयार आहे, आणि निकाल काहीही आला तरी तो कागदांसकट प्रसिद्ध करावा.